डॉक्टर जॉन आर्बथनॉट

इंग्रज लोकांस जॉन बुल म्हणण्याची चाल आपल्या जुन्या मराठी वर्तमानपत्रांतून असे. हें नांव आमच्या वाचकांपैकीं वडीलधाऱ्या मंडळींच्या कानांवरून गेलेंच असेल. परंतु तें ज्यांच्या लेखणींतून जगापुढें आलें, ते गृहस्थ धंद्यानें वैद्य व आवडीनें गणिती होते, हें फारच थोड्यांस ठाऊक असतें. आणि त्याहूनहि थोड्यांस ठाऊक असलेली गोष्ट ही कीं, वैद्यक, शेतकी, मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र अशा नाना क्षेत्रांतील संशोधक आज ज्या एका साध्या कसोटीचा उपयोग करितात, तिचा पहिला छापील दाखला याच गृहस्थांच्या पांच पानांच्या एका निबंधांत सांपडतो. त्यांचें नांव डॉक्टर जॉन आर्बथनॉट. त्यांचें चरित्र सांगतांना त्या पांच पानांपाशीं आम्ही अंमळ अधिक वेळ थांबणार आहों, त्याबद्दल वाचक राग मानणार नाहींत अशी आशा आहे.

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर किंकार्डिनशायर नांवाचा एक परगणा आहे. तेथील आर्बथनॉट गांवच्या मंडळीचे पाळक अलेक्झांडर आर्बथनॉट यांच्या घरीं १६६७ सालीं जॉनचा जन्म झाला. गांवाचें व घराण्याचें नांव एकच. त्या सालच्या २९ एप्रिल रोजीं त्याचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद आहे. पुढें ज्याचें नांव बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांमुळेंच गणिताच्या इतिहासांत राहावयाचें होतें, त्याच्या स्वतःच्या बालपणाची खात्रीलायक खूणहि अशाच एका नोंदवहींत राहिली आहे, हें मौजेचें आहे. अ‍ॅबर्डीन येथील मारिशल कॉलेजांत त्याचें शिक्षण झालें व १६८५ सालीं त्यास पदवी मिळाली.

घर सुखी होतें, पण तें सुख टिकलें नाहीं. १६८८-८९ सालीं ब्रिटनांत राज्यक्रांति झाली. राजा दुसरा जेम्स देश सोडून गेला व विल्यम आणि मेरी हीं गादीवर बसलीं. त्याबरोबर स्कॉटलंडच्या मंडळींतून बिशपांचा अधिकार काढून टाकण्यांत आला व प्रेसबिटेरियन व्यवस्था सुरू झाली. ज्या पाळकांनीं नवी व्यवस्था पत्करली त्यांची जागा राहिली. ज्यांच्या मनास ती पटेना त्यांची गेली. अलेक्झांडर आर्बथनॉट यांनीं जागा जाऊं दिली, पण मत बदललें नाहीं. दोन वर्षांनीं, १६९१ सालीं, ते वारले. मुलांपैकीं कांहीं पदच्युत राजाच्या पक्षास मिळाले. रॉबर्ट नांवाचा भाऊ पुढें फ्रान्स देशांत जाऊन सराफीचा धंदा करूं लागला. कोणता पक्ष बरोबर होता याची चर्चा येथें नको. पोटाची भाकर पणास लावून जो मनुष्य आपल्या मनोदेवतेस जागतो, तो कोणत्याहि पक्षाचा असला तरी त्याच्या मुलांवर त्याचा ठसा उमटल्यावांचून राहत नाहीं, एवढेंच आम्हांस म्हणावयाचें आहे.

बाप गेला, घर मोडलें, तेव्हां चोवीस वर्षांचा जॉन लंडनास आला. तेथें विल्यम पेट नांवाच्या विद्याव्यासंगी लोकरीच्या व्यापाऱ्याच्या घरीं राहून तो मुलांस गणित शिकवूं लागला. शिकवणीवर गुजराण करणें म्हणजे काय, हें आम्हां शिक्षकांस कोणी सांगावयास नको. परंतु या दिवसांतच त्यानें आपलें पहिलें पुस्तक छापिलें. क्रिस्तियान हॉयगेन्स या हॉलंडमधील विद्वानानें फांशांच्या खेळांतील संभवाचें गणित १६५७ सालीं लॅटिन भाषेंत प्रसिद्ध केलें होतें. त्याचें इंग्रजी रूपांतर, स्वतःच्या कांहीं उदाहरणांची भर घालून, आर्बथनॉट यांनीं १६९२ सालीं काढलें. संभवाच्या गणितावर इंग्रजींत छापलेलें तें पहिलें पुस्तक होय.

ख्रिस्ती शाळेच्या अंकांत जुगाराच्या पुस्तकाची स्तुति कशाला, असें एखाद्या पालकास वाटेल. परंतु या पुस्तकाच्या प्रस्तावनेंतील एक विचार मोठा खोल आहे. फांसा विवक्षित जोरानें व विवक्षित दिशेनें टाकिला म्हणजे तो विवक्षित बाजूवरच पडला पाहिजे. तो जोर व ती दिशा आपणांस ठाऊक नसते म्हणून आपण त्यास दैवयोग म्हणतों. तेव्हां दैवयोग हें आपल्याच अज्ञानाचें नांव आहे, असा त्यांचा आशय आहे. पवित्र शास्त्रांत चिठ्ठ्या टाकल्याचे जे प्रसंग आहेत ते ज्या विद्यार्थ्यांनीं वाचले असतील, त्यांस हा विचार अगदींच परका वाटणार नाहीं.

पुढें १६९४ सालीं एका श्रीमंत तरुणाचा शिक्षक म्हणून ते ऑक्सफर्डास गेले, आणि १६९६ सालीं सेंट अँड्रयूज विद्यापीठाची वैद्यकाची पदवी घेऊन डॉक्टर झाले. त्याच सुमारास डॉ. वुडवर्ड नांवाच्या विद्वानानें नोहाच्या जलप्रलयाविषयीं एक ग्रंथ लिहिला होता. प्रलयाच्या पाण्यांत सारी पृथ्वी विरघळली व मग जड पदार्थ तळाशीं व हलके वर अशा क्रमानें थर बसले, असें त्याचें प्रतिपादन होतें. आर्बथनॉट हे पाळकाचे पुत्र; प्रलयाची कथा त्यांस मान्यच होती. तथापि १६९७ सालीं त्यांनीं त्या ग्रंथाची परीक्षा छापून, जमिनीचे थर वास्तविक जडपणाच्या क्रमानें लागलेले नाहींत, हें दाखविलें. धर्माच्या बाजूचा म्हणून कच्चा पुरावा त्यांनीं चालूं दिला नाहीं. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. हीच कसोटी पुढें त्यांच्या स्वतःच्या पुराव्यास लागली.

१७०४ सालीं रॉयल सोसायटीनें त्यांस सभासद करून घेतलें. पुढच्याच वर्षीं लंडनजवळ एप्सम येथें अ‍ॅन राणीचे पति प्रिन्स जॉर्ज यांस एकाएकीं दुखणें आलें. डॉक्टर योगायोगानें तेथें होते. त्यांच्या औषधानें गुण आला व राणीनें त्यांस आपल्या वैद्यांत नेमून घेतलें; १७०९ सालीं ते राजवाड्यांतील नेहमींचे वैद्य झाले.

या राणीची हकीकत करुण आहे. निदान सतरा वेळां तिला दिवस गेले, परंतु तिचें एकहि मूल वाढलें नाहीं. बहुतेक मृत जन्मलीं, कांहीं तान्हेपणीं गेलीं, आणि ग्लॉस्टरचा ड्यूक हा एकच मुलगा वाढत होता तोहि १७०० सालीं, अकरा वर्षांचा होऊन, वारला. जिचा सारा जन्म एका मुलासाठीं झुरण्यांत गेला, तिच्या आजारपणांत उशाशीं बसणारा हा वैद्य फावल्या वेळांत लंडनमधील ८२ वर्षांच्या जन्मांचे आंकडे मांडीत होता. तो आंकड्यांकडे कशासाठीं वळला हें त्यानें लिहून ठेविलेलें नाहीं व आम्ही तर्क करीत नाहीं. हीं दोन चित्रें एकाच माणसाच्या आयुष्यांतील आहेत, एवढेंच सांगतों.

आतां त्या आंकड्यांकडे वळूं. लंडन शहरांत प्लेगाच्या भीतीमुळें दर आठवड्यास मृत्यूंची यादी छापण्याची पद्धति पडली होती. प्रत्येक मंडळीचा कारकून आपल्या हद्दींतील मृत्यु व बाप्तिस्मे यांची गणती कळवी. १६२९ पासून मुलगे व मुली यांचे आंकडे निरनिराळे मिळूं लागले. जॉन ग्रॉंट नांवाच्या एका लंडनच्या दुकानदारानें १६६२ सालीं या याद्यांवर पुस्तक लिहून, मुलींपेक्षां मुलगे किंचित् अधिक जन्मतात, हें नजरेस आणिलें होतें. डॉक्टर आर्बथनॉट यांनीं १६२९ पासून १७१० पर्यंतचीं ८२ वर्षें ओळीनें मांडिलीं. पहिल्या वर्षीं ५२१८ मुलगे व ४६८३ मुली. शेवटच्या वर्षीं ७६४० मुलगे व ७२८८ मुली. मधल्या काळांत राजा व पार्लमेंट यांचें यादवी युद्ध झालें, मंडळ्यांच्या नोंदी विसकळीत होऊन बाप्तिस्म्यांचा आंकडा जवळजवळ निम्म्यावर आला, १६६५ सालीं प्लेग झाला, १६६६ सालीं शहर जळालें. इतकें होऊनहि ८२ पैकीं एकाहि वर्षीं मुलींची संख्या मुलग्यांहून अधिक भरली नाहीं.

आतां डॉक्टरांचा युक्तिवाद पाहूं. समजा, मुलगा कीं मुलगी हें दोन बाजूंच्या फांशावर, म्हणजे छापा कीं कांटा अशा नाणेफेकीवर, अवलंबून आहे. मग एखाद्या वर्षीं मुलगे अधिक होतील कीं मुली, याचाहि संभव समसमान, म्हणजे अर्धा. अगदीं काटेकोर बोलावयाचें तर अर्ध्याहून लेशभर कमी, कारण दोन्ही संख्या सारख्या येण्याचाहि थोडा संभव असतो. पण अर्धाच धरूं. सलग दोन वर्षें मुलगे अधिक होण्याचा संभव चारांत एक, तीन वर्षें आठांत एक, दहा वर्षें १०२४ मध्यें एक, वीस वर्षें दहा लाखांहून अधिकांत एक. असें दुप्पट करीत ८२ पर्यंत गेलें म्हणजे छेदस्थानीं ४८३६ व त्यापुढें २१ शून्यें एवढी संख्या येते. डॉक्टरांनीं लॉगेरिथमच्या कोष्टकाच्या साहाय्यानें हाच आंकडा काढिला. विद्यार्थ्यांनीं वहींत स्वतः दुप्पट करून पाहावें. कागद पुरेल, धीर मात्र पाहिजे.

शकुनीच्या फांशांची कथा आपल्याकडे कोणास ठाऊक नाहीं? एकाच बाजूस सलग ८२ दानें पडलीं तर खेळणारा काय म्हणेल? फांसा सरळ नाहीं, असेंच म्हणेल. डॉक्टरांनींहि तेंच म्हटलें. हें केवळ यदृच्छेनें घडणें शक्य नाहीं. सबब येथें कोणाचा तरी हेतु आहे. पुरुषांस अन्नासाठीं धोक्याच्या जागीं जावें लागतें, त्यांत ते अधिक मरतात. ती तूट भरून निघावी व लग्नाच्या वयीं प्रत्येकास जोडीदार मिळावा, म्हणून ईश्वरानें मुलगे किंचित् अधिक जन्मास घालण्याची योजना केली, असा त्यांचा निष्कर्ष होता. बहुपत्नीत्व हें निसर्गाच्या व न्यायाच्या विरुद्ध आहे, हेंहि त्यांनीं त्यावरूनच काढिलें. हा निबंध १७११ सालीं रॉयल सोसायटीपुढें आला व तिच्या नियतकालिकांत छापला गेला.

या निबंधाचें खरें मर्म कोठें आहे? १६६१ सालीं मुलगे ४७४८ व मुली ४१०७, म्हणजे ६४१ चें अंतर होतें. १७०३ सालीं मुलगे ७७६५ व मुली ७६८३, म्हणजे अंतर अवघें ८२. डॉक्टरांच्या हिशेबांत या दोन्ही वर्षांस सारखेंच मोल आहे. त्यांनीं प्रत्येक वर्षास एकच प्रश्न विचारिला: अधिक कीं उणें? नोंदी निष्काळजीपणानें झाल्या असल्या, निम्म्या गहाळ झाल्या असल्या, तरी मुलगे व मुली या दोहोंची गळती सारखी असेल तोंवर या प्रश्नाचें उत्तर सहसा बिघडत नाहीं. आंकडे कोणत्या नियमानें पसरलेले आहेत, त्यांची वक्ररेषा कोणत्या आकाराची, याविषयीं कांहींच गृहीत धरावें लागत नाहीं. संख्याशास्त्रांत प्रसिद्ध असलेली ती घंटेच्या आकाराची वक्ररेषा तोंपर्यंत कोणी काढलीहि नव्हती. ती अब्राहाम द म्वाव्र यांनीं १७३३ सालीं गणितानें काढिली. म्हणजे राजरस्ता होण्यापूर्वींच ही पाऊलवाट पडलेली होती.

या रीतीस आज चिन्ह-कसोटी म्हणतात, आणि ज्या कसोट्या आंकड्यांच्या पसाऱ्याच्या आकाराविषयीं असें कांहीं गृहीत धरीत नाहींत त्या साऱ्या कुळास १९४२ पासून नॉन-पॅरामेट्रिक हें नांव पडलें आहे. मराठींत अप्राचल म्हणतात. नांव भयंकर आहे, गोष्ट सोपी आहे. समजा, दहा रोग्यांस एक नवें औषध दिलें. वेदना कांहीं तराजूंत तोलतां येत नाहींत. रोगी एवढेंच सांगूं शकतो कीं, बरें वाटतें कीं वाईट. दहांपैकीं नऊ जण बरें वाटतें म्हणाले. औषधांत कांहींच दम नसेल व हें नुसतें छापा-कांटाच असेल, तर नऊ किंवा अधिक जणांनीं तसें म्हणण्याचा संभव १०२४ मध्यें ११ एवढाच आहे. मग वैद्यास औषधाकडे अधिक लक्ष देण्यास कारण मिळतें. दीड-दोनशें रोगी जमविण्याची ज्याची ऐपत नाहीं, अशा खेड्यांतील दवाखान्यासहि हें गणित कागदाच्या कपट्यावर करतां येतें.

याच कुळांतील दुसरी शाखा क्रमांकांची आहे, आणि क्रमांक म्हणजे काय हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस वार्षिक परीक्षेच्या निकालाच्या दिवशीं चांगलेंच कळतें. पहिला आलेला मुलगा ९८ गुण मिळवो कीं ८०, त्याचा क्रमांक पहिलाच. एका विलक्षण आंकड्यामुळें बाकीच्यांचा हिशेब बिघडत नाहीं. पूर्वीं सैन्यांत अधिकारी असलेले मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पिअरमन यांनीं १९०४ सालीं शाळेंतील मुलांच्या निरनिराळ्या शक्तींचा परस्परसंबंध पाहतांना क्रमांकांचा उपयोग केला. मिल्टन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञानें १९३७ सालीं, कीटकनाशकें व बुरशीनाशकें यांवर काम करणाऱ्या फ्रॅंक विल्कॉक्सन या रसायनशास्त्रज्ञानें १९४५ सालीं, मान व व्हिटनी या दोन गणित्यांनीं १९४७ सालीं त्यांत भर घातली. एक मुलांच्या बुद्धीविषयीं विचार करीत होता, एक लोकांच्या मिळकतीविषयीं, एक किड्यांविषयीं. पण अडचण सर्वांची एकच होती. आंकडे थोडे, वेडेवांकडे, आणि त्यांच्या आकाराविषयीं शपथ घेण्याची कोणाची तयारी नाहीं. अर्थात् या साधेपणाची किंमत द्यावी लागते. ६४१ व ८२ यांस एकच मोल देणें म्हणजे हातीं असलेली कांहीं माहिती फेंकून देणेंच होय. जेथें आंकडे भरंवशाचे व त्यांचा नियम ठाऊक आहे, तेथें दुसऱ्या रीती अधिक सूक्ष्म उत्तर देतात. असो.

डॉक्टरांच्या निष्कर्षाकडे परत येऊं. त्यांच्या निबंधावर स्वित्झर्लंडमधील विख्यात बर्नुली घराण्यांतील निकोलस यांनीं आक्षेप घेतला. १७१२ सालीं ते लंडनास येऊन गेले होते, व त्यांचा आक्षेप १७१३ सालीं छापला गेला. त्यांचें म्हणणें असें: फांशास दोनच सारख्या बाजू आहेत असें मानतां कशाला? ३५ बाजूंचा फांसा घ्या. त्यांतील १८ बाजू मुलग्याच्या व १७ मुलीच्या समजा. असा फांसा १४००० वेळां टाकिला तर सुमारें ७२०० मुलगे व ६८०० मुली येतील, आणि मग दर वर्षीं मुलगेच अधिक झाले यांत नवल कांहींच नाहीं.

आम्ही स्वतः ख्रिस्ती आहों व ईश्वराच्या सूत्रचालनावर आमचा विश्वास आहे. तरी या वादांत बर्नुली यांचें बोलणें आम्हांस टाकाऊ वाटत नाहीं. ८२ वर्षांची गणती एक गोष्ट निर्विवाद सांगते: मुलगा व मुली यांचा संभव समसमान नाहीं. तो असमान कां आहे, कोणी केला, कशासाठीं केला, याविषयीं ती गणती अवाक्षर काढीत नाहीं. एकपत्नीव्रताचा नियम तर आम्हांस अन्य व श्रेष्ठ अधिकारानें मिळाला आहे. बाप्तिस्म्यांच्या कोष्टकावर त्याचा भार टाकण्याची गरज नाहीं, आणि तें कोष्टक तो भार पेलणारहि नाहीं. डॉ. वुडवर्ड यांच्या थरांस जी परीक्षा डॉक्टरांनीं लाविली, तीच आपल्या कोष्टकास लाविली असती तर बरें झालें असतें. तथापि त्यांच्या निरीक्षणांत सत्य होतें हेंहि खरें. दर १०० मुलींमागें सुमारें १०५ मुलगे जन्मतात व लहानपणीं मुलगे अधिक दगावतात, हें आज सर्वमान्य आहे.

आणि राणीच्या दुःखाचें काय? एकंदर जन्मांत नियम आहे, व्यवस्था आहे. परंतु सतरा वेळां आशा धरून रिकाम्या पाळण्याकडे पाहणाऱ्या एका आईस त्या व्यवस्थेनें काय सांगितलें? ईयोबाच्या पुस्तकांतील प्रश्नास कोष्टकानें उत्तर देतां येत नाहीं, व डॉक्टरांनीं तसा आवहि आणिला नाहीं.

गणती हात दाखविते, पण तो कोणाचा हें दाखवीत नाहीं, याचा एक दाखला आपल्या महाराष्ट्रांतच आहे, आणि तो सुखाचा नाहीं. सृष्टिनियमाप्रमाणें १००० मुलग्यांमागें सुमारें ९५० मुली जन्मास याव्या. २००१ सालच्या खानेसुमारींत महाराष्ट्रांतील सहा वर्षांपर्यंतच्या बालकांत हें प्रमाण ९१३ भरलें, व २०११ सालीं ८९४. हा आंकडाहि यदृच्छेचा नव्हे; येथेंहि फांसा कोणीतरी वांकविला आहे. परंतु हा हात ईश्वराचा आहे असें म्हणण्यास कोणाची जीभ धजेल? पोटांतील मुलीची परीक्षा करून तिला जन्मापूर्वींच नाहींशी करणारे हात माणसांचेच आहेत. त्यास आळा घालण्यासाठीं महाराष्ट्रानें १९८८ सालीं कायदा केला व १९९४ सालीं साऱ्या देशासाठीं तसा कायदा झाला. या अंकाच्या वाचकांत ज्यांच्या घरीं लेक आहे त्यांस अधिक सांगावयास नको. ज्यांच्या घरीं नाहीं त्यांनीं आंकड्याकडे पुन्हां एकदां पाहावें.

डॉक्टरांच्या आयुष्यांतील पुढचा भाग विनोदाचा आहे. १७१२ सालीं फ्रान्सशीं चाललेलें दीर्घ युद्ध थांबावें म्हणून त्यांनीं पांच लहान पुस्तिका काढिल्या. युरोपांतील राष्ट्रें म्हणजे शेजारी, युद्ध म्हणजे कोर्टांतील न संपणारा दावा, आणि इंग्लंड म्हणजे जॉन बुल नांवाचा सरळ, तापट, खाऊनपिऊन सुखी कापडवाला, असें रूपक त्यांत होतें. वकिलांच्या फीपायीं बुडत चाललेल्या या अशिलास साऱ्या देशानें ओळखलें. १७१४ सालीं राजवाड्यांतील त्यांच्या खोलींत स्विफ्ट, कवि अलेक्झांडर पोप, गे, पार्नेल असे स्नेही जमून पोकळ पांडित्याची थट्टा करीत. गलिव्हरच्या प्रवासाचें जें पुस्तक आमचे विद्यार्थी आवडीनें वाचितात, तें याच स्विफ्ट यांनीं १७२६ सालीं प्रसिद्ध केलें.

१ ऑगस्ट १७१४ रोजीं राणी वारली व राजवाड्यांतील जागा गेली. बापाप्रमाणें मुलाच्याहि नशिबीं राज्याच्या उलथापालथींत जागा गमावणें आलें. पण वैद्यकी हातांत होती. १७२२ सालीं देवीची लस टोचण्याविषयीं, म्हणजे गोस्तनी देवीपूर्वींच्या जुन्या टोचणीविषयीं, लंडनांत मोठा वाद माजला, तेव्हां टोचणीच्या बाजूनें आंकडे देऊन लिहिलेली एक निनांवी पुस्तिका निघाली. ती आर्बथनॉट यांचीच समजतात. देवी आपोआप आल्या तर दहांत एक दगावतो, टोचून आणिल्या तर शंभरांत एक, असा तिचा हिशेब होता. अन्नाविषयीं १७३१ सालीं व हवेच्या परिणामाविषयीं १७३३ सालीं त्यांनीं ग्रंथ लिहिले.

त्यांस कीर्तीची हांव नव्हती. लिहिलेले कागद इकडे तिकडे पडत. मुलांनीं त्यांचे पतंग केले तरी ते हटकीत नसत, अशी आख्यायिका आहे. त्यामुळें कोणतें लिखाण त्यांचें व कोणतें मित्रांचें, याचा निर्णय करणें विद्वानांस जड जातें. त्यांचीं कित्येक मुलें लहानपणींच गेलीं होतीं. १७३० सालीं पत्नी मार्गारेट वारल्या. पुढच्या वर्षीं चार्ल्स हा धर्मोपदेशक झालेला मुलगा गेला. स्वतःस मूतखड्याचा व दम्याचा विकार होता. १७३४ सालीं हवापालटासाठीं ते हॅम्स्टेडच्या टेकडीवर जाऊन राहिले. आपण बरे होणार नाहीं हें ते वैद्य असल्यामुळें जाणून होते. तेथून त्यांनीं पोप यांस पत्र लिहून, दुर्गुणांविषयींची चीड कायम ठेवा, पण शासन करण्यापेक्षां सुधारण्याकडे लक्ष असूं द्या, अशा आशयाची विनंति केली. पोप यांनीं त्यांस उद्देशून लिहिलेलें प्रसिद्ध काव्य १७३५ च्या जानेवारींत छापून निघालें, तें त्यांस पाहावयास मिळालें. २७ फेब्रुवारी १७३५ रोजीं लंडनमधील कॉर्क स्ट्रीटवरील घरीं त्यांचा अंत झाला. पिकॅडिली येथील सेंट जेम्सच्या मंदिरांत त्यांस पुरण्यांत आलें.

त्यांच्या पांच पानांवरील वाद मात्र मिटला नव्हता. बर्नुली यांस उत्तर देण्यास शेवटीं पुढें आले ते तेच अब्राहाम द म्वाव्र, फ्रान्समध्यें प्रॉटेस्टंटांचा छळ झाला तेव्हां देश सोडून लंडनास आलेले, आणि आर्बथनॉटांप्रमाणेंच गणिताच्या शिकवण्या करून पोट भरणारे. फांसा ३५ बाजूंचा आहे व त्यांत १८ बाजू एकीकडच्या आहेत हें कबूल. परंतु तो तसा घडविला कोणी, हा प्रश्न त्यानें सुटत नाहीं, असें त्यांनीं आर्बथनॉटांच्या वतीनें लिहिलें. तें उत्तर १७५६ सालीं त्यांच्या ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तींत छापलें गेलें. त्या वेळीं डॉक्टरांस जाऊन एकवीस वर्षें झालीं होतीं, आणि खुद्द द म्वाव्र यांस दोन.